अठरा लिटरचा वाडा

सुट्टीहून परत आल्यावर डॉर्मिटरीत पहिला प्रश्न ठरलेला असतो : "काय केलंस सुट्टीत?" कोणी महाबळेश्वरला जाऊन आलेला असतो, कोणी मामाच्या गावी विहिरीत पोहायला शिकलेला असतो. या मे महिन्याच्या सुट्टीनंतर मी सांगितले, "कॅबिनेट निवडलं." सगळे हसले. त्यांना वाटले मी मंत्रिमंडळाबद्दल बोलतो आहे.

मी बोलत होतो ते कॉम्प्युटरच्या कॅबिनेटबद्दल. मदरबोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड हे सगळे ज्या पेटीत बसवतात ती पेटी. पेटी निवडायला कसली आली अक्कल, असे मलाही वाटायचे. पण त्या एका पेटीपायी मी सहा महिने विचार केला, घरचे काही हजार रुपये पाण्यात घालवले आणि बाबांकडून एक गोष्ट शिकलो. म्हणून हा लेख.

माझे घर सध्या तंजावरला आहे. 'सध्या' हा शब्द हवाई दलातल्या मुलांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तंजावरच्या हवाई तळावर २०२० साली सुखोई-३० विमानांची २२२ क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली. बाबांची बदली तिथे तीन वर्षांपूर्वी झाली. ते इंजिनांवर काम करतात. त्याहून जास्त ते घरीही सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही.

"तामिळनाडूत मराठी कोण बोलतं?" असे मित्र विचारतात. त्यांना मी सांगतो की तंजावरवर १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते. बृहदीश्वराच्या देवळात सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा सगळा इतिहास मराठीत दगडावर कोरून घेतला आहे. पहिल्यांदा देवळात गेलो तेव्हा आजूबाजूला सगळी तमिळ अक्षरे आणि मधेच देवनागरी दिसली, तेव्हा परक्या गावात आपल्या गावची एसटी दिसावी तसे वाटले होते.

आता मूळ गोष्ट. आमच्याकडे पूर्वी एक मोठा टॉवर कॉम्प्युटर होता. जोधपूरहून तंजावरला येताना बाबांनी तो स्वतः बांधला. जुनी चादर, दोन उशा, वर पुठ्ठा. मी तेव्हा सातवीत, इथे होस्टेलवर होतो. रविवारच्या फोनवर कळले की सामान आले, पण कॉम्प्युटर सुरू होत नाही. प्रोसेसरवर जो उंच, जड कूलर असतो तो प्रवासात धक्क्यांनी मदरबोर्डवरून निखळला होता आणि पेटीच्या आत दोन हजारांहून जास्त किलोमीटर घंटेच्या लोलकासारखा आपटत आला होता. कार्ड तुटले, हार्ड डिस्कही गेली. त्या डिस्कवर ताईने आर्किटेक्चरच्या प्रवेशासाठी दोन वर्षे काढलेली चित्रे होती.

ताई एक शब्द बोलली नाही. तिने पुन्हा चित्रे काढली, परीक्षा दिली, तिला तिरुचिरापल्लीला प्रवेश मिळाला. पण आई सांगते की त्यानंतर कितीतरी दिवस बाबा जेवताना ताईकडे बघत नसत. ज्या माणसाच्या हातून कामावर एक स्क्रू ढिला राहत नाही, त्याच्या हातून घरी हे झाले होते.

मागच्या दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा ताई तिसऱ्या वर्षाला होती. तिच्या साध्या लॅपटॉपवर इमारतीचे एक चित्र रेंडर व्हायला रात्र लागायची. आईची भिशी, बाबांची थोडी शिल्लक आणि ताईची शिष्यवृत्ती मिळून सव्वा लाखापर्यंत रक्कम जमली होती. तेवढ्याच ताकदीचा लॅपटॉप त्याहून महाग पडत होता, आणि त्यातला एक भाग बिघडला तर सगळाच दुरुस्तीला द्यावा लागतो. म्हणून कॉम्प्युटर घरीच असेंबल करायचा ठरला. ते काम माझ्याकडे आले, कारण कॉम्प्युटरच्या मासिकांचा कीडा घरात मीच.

बाबांनी एकच अट घातली. त्यांची काळी ट्रंक बाहेर काढली. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचे नाव आणि सर्व्हिस नंबर. आतून मोजली : ७६ सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ३५ उंच. म्हणाले, "कॉम्प्युटर आणि स्क्रीन, दोन्ही यात बसले पाहिजेत. कॉम्प्युटरभोवती निदान दोन बोटं फोम राहिला पाहिजे. बाकी तुला काय घ्यायचं ते घे."

जुना टॉवर साधारण ४५ × ४५ × २१ सेंटिमीटरचा होता, म्हणजे ४२ लिटरच्या वर. तो या ट्रंकेत घातला असता तर बाजूंना घासून बसला असता. ना फोम, ना स्क्रीन. म्हणजे आकार अर्ध्याहून कमी करायचा आणि ताकद मात्र पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त हवी. हा पेच घेऊन मी शाळेत परत आलो.

त्या दिवाळीतच आणखी एक गोष्ट पाहिली होती. तिचा उपयोग मला नंतर कळला. राजवाड्याजवळच्या एका रस्त्यावर आईच्या ओळखीच्या एक आजी राहतात. त्यांचे घराणे कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेले. त्यांचे मराठी तमिळच्या चालीवर चालते, पण शब्द आपलेच. घर जुने. बाहेर बसायला ओटा, त्याला तिकडे तिण्णै म्हणतात, आणि आत मधोमध उघडा चौक, त्याला मुट्रम. कराडजवळच्या आमच्या गावच्या वाड्याला असतो तसाच. बाहेर पावसाळी उकाडा होता, तिकडे दिवाळीच्या सुमारास पाऊस असतो. आत मात्र बरे वाटत होते. स्वयंपाकघरातला धूर सरळ चौकात येऊन वर आभाळाकडे जात होता आणि दारातून गार झुळूक आत येत होती. मी वर बघत उभा राहिलो तशा आजी म्हणाल्या, "बघतोस काय, कण्णा? माणसाला नाक, तसं घराला चौक." मी हसलो आणि लाडू खाल्ला. विषय तिथेच संपला.

शाळेत मोबाइल नसतो हे वाचकांना माहीत आहेच. माझी सगळी तयारी लायब्ररीतली मासिके, संगणक कक्षातला आठवड्याचा तास आणि ग्राफ पेपर यांवर झाली. साध्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये जो एटीएक्स मदरबोर्ड असतो तो ३०५ × २४४ मिलिमीटरचा. त्याहून लहान मिनी-आयटीएक्स हा आकार तैवानच्या व्हिया कंपनीने २००१ साली आणला : १७० × १७० मिलिमीटर. क्षेत्रफळ मोठ्याच्या चाळीस टक्क्यांहूनही कमी, पण प्रोसेसर तोच बसतो. फक्त रॅमला दोनच जागा आणि कार्डाला एकच खाच. मी पुठ्ठ्याचा १७० मिलिमीटरचा चौकोन कापला आणि मेसमधल्या थाळीत ठेवून पाहिला. थाळीत बसला आणि भाजीला जागा उरली. त्या दिवसापासून माझ्या शेजारच्या पलंगावरचा मित्र मला 'पुठ्ठा' म्हणतो.

हळूहळू सगळेच भाग पुठ्ठ्याचे झाले. ग्राफिक्स कार्डाचा ठोकळा, एसएमपीएसचा ठोकळा, कूलरचा ठोकळा. लॉकर इन्स्पेक्शनच्या दिवशी हाऊस मास्टर सरांनी ते पाहिले. मला वाटले आता फेकून द्यायला सांगतील. त्यांनी एक ठोकळा उचलला, माप विचारले, आणि म्हणाले, "लॉकरमध्ये सगळं बसवायला इथे शिकतोच आहेस. तेच काम आहे. फक्त तुझे शर्ट गरम होत नाहीत."

खरी अडचण तीच होती. ताईसाठी मी आठ कोअरचा रायझन ७ ७७०० प्रोसेसर आणि १६ जीबी मेमरीचे आरटीएक्स ४०६० टीआय कार्ड ठरवले होते. प्रोसेसर पूर्ण जोरात ८८ वॉटपर्यंत वीज घेतो, कार्ड १६५ वॉट. बाकीचे धरून तीनशेच्या आसपास. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. शंभर वॉटचे तीन पिवळे बल्ब एका लहानशा डब्यात लावून झाकण बंद केले तर काय होईल, त्याचा विचार करा.

आता एक कबुली. मनातून मला सगळ्यात लहान पेटी हवी होती. दहा लिटरच्या आसपासची 'सँडविच' पद्धतीची कॅबिनेटे असतात. मधे एक पत्रा, त्याच्या एका बाजूला मदरबोर्ड, दुसऱ्या बाजूला पाठीला पाठ लावून ग्राफिक्स कार्ड, आणि दोघांना जोडणारी चपटी रायझर केबल. सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रांच्या पोथ्या दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबून बांधलेल्या असतात, तशी रचना. दिसायला फारच देखणी. मी डॉर्मिटरीत सगळ्यांना सांगून बसलो होतो की आमच्याकडे बुटांच्या खोक्याएवढा कॉम्प्युटर येणार. ताईला तशी पेटी हवी आहे का, हे मी तिला विचारलेही नव्हते.

मार्चमध्ये ताई फोनवर म्हणाली, "एसएमपीएस सवलतीत मिळतोय, घेऊ का?" माझी फोनची मिनिटे संपत आली होती, मागे रांग होती. मी म्हणालो, "साडेसहाशे वॉटचा, गोल्ड रेटिंगचा घे." फोन ठेवला. आज्ञा दिली, काम झाले, अशा तोऱ्यात मी प्रेपला गेलो.

मे महिन्यात पुण्याहून निघून चेन्नई सेंट्रलला उतरलो. बाबा घ्यायला आले होते. तंजावरची उळवन एक्स्प्रेस एग्मोरहून रात्री सुटते, त्यामुळे दिवस हातात होता. आम्ही सामान ठेवून रिची स्ट्रीटला गेलो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारखाच हा चेन्नईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. गल्लीत उन्हाचा ताव, डोक्यावर तारांचे जाळे, जमिनीवर केबलींचे ढीग, आणि प्रत्येक दुकानातून "सर, वांगो" अशी हाक. बाबांनी खिशातून स्टीलची टेप काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, "तू मोज."

दुकानदार काका चांगले होते. त्यांनी दोन्ही कॅबिनेटे काउंटरवर ठेवली. एक दहा लिटरचे सँडविच, दुसरे कूलर मास्टरचे एनआर२००. त्याच्या कागदावर लिहिले होते १८.२५ लिटर. मी टेप लावली : ३७६ × २९२ × १८५. गुणाकार केला तर वीस लिटरच्या वर आला. मी म्हणालो, यांनी आकडा कमी सांगितलाय. काकांनी पेटी उलटी केली आणि बोटाने खालचे पाय दाखवले. पाय आणि बाहेर आलेले भाग वगळले की ३६० × २७४ × १८५, म्हणजे बरोबर १८.२५. कागदही खरा आणि टेपही खरी. पण ट्रंकेत पाय कापून ठेवता येत नाहीत, म्हणून आमच्यासाठी मोठाच आकडा खरा.

मग काकांनी विचारले, "एसएमपीएस, तंबी?" मी ऐटीत म्हणालो, "घेतलाय." बाबांनी मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला. काका हसले आणि मान हलवली. तो साधा एटीएक्स एसएमपीएस होता, १५० मिलिमीटर रुंद आणि ८६ उंच. लहान कॅबिनेटांना एसएफएक्स लागतो, १२५ × १०० × ६३.५ चा. समोरच्या दोन्ही पेट्यांत आमचा बसणार नव्हता. परत करायची मुदत केव्हाच संपली होती. मी ताईला वॉट सांगितले होते, रेटिंग सांगितले होते, आकार सांगितला नव्हता.

माझे कान तापले. मी पटकन काकांना विचारले की हाच एसएमपीएस बसेल असे एखादे लहान कॅबिनेट आहे का. होते. पण त्यात तो मोठा ठोकळा आणि लांब कार्ड एकमेकांच्या वाटेत येत होते, हवेला जागा उरत नव्हती. तरी मी म्हणत होतो, चालेल, जमवू. बाबा शांतपणे म्हणाले, "चुकीच्या मापाने बाकीची मापं ठरवायची नाहीत. जे चुकलं ते चुकलं. ताईची चूक आहे का?"

"नाही. तिने सांगितलं तेच आणलं."

"मग हुकूम अपुरा होता. लिहून ठेव."

रागावले नाहीत. त्यामुळे जास्त लागले.

राहिला प्रश्न दहा की अठरा. बाबा बाजूला जाऊन उभे राहिले आणि उसाचा रस पीत बसले. मला कळले की हे मुद्दाम आहे. मी वहीत उतरवलेले चाचण्यांचे आकडे काढले. सँडविच पेटीत जोरात काम करताना प्रोसेसर ऐंशी अंशांच्या आसपास जातो असे लिहिले होते. मला ते पुरेसे वाटले होते. पण त्या चाचण्या वीस-एकवीस अंशांच्या खोलीतल्या. तंजावरच्या क्वार्टरमध्ये एसी नाही आणि मे महिन्यात दुपारी खोलीतच छत्तीस अंश असतात. पंखा कितीही फिरवला तरी तो खोलीतलीच हवा आत ढकलणार. म्हणजे प्रत्येक आकड्यात पंधरा मिळवायचे. ऐंशी अधिक पंधरा, पंच्याण्णव. आणि या प्रोसेसरची मर्यादाच पंच्याण्णव अंश. तिथे पोचला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मग एवढे पैसे कशासाठी घालायचे?

आणखी एक गोष्ट होती. रायझर केबल म्हणजे प्रवासात ढिला होऊ शकणारा आणखी एक सांधा. आणि किंमत दुपटीहून जास्त. दुसऱ्या पेटीत खालून दोन पंखे हवा आत घेणार, वरून आणि मागून बाहेर टाकणार, बाजूचा पत्रा जाळीचा. खालून गार आत, वरून गरम बाहेर. मला एकदम आजींच्या घरातला धूर आठवला. ही पेटी नव्हतीच, हा चौक असलेला वाडा होता. आठ लिटर वाया जात नव्हते, ते आठ लिटर म्हणजे नाक होते.

मी बाबांना म्हणालो, "अठरा." ते म्हणाले, "का?" मी सगळे सांगितले, डॉर्मिटरीत मारलेल्या बढाईसकट. त्यांनी रसाचा दुसरा ग्लास माझ्यासाठी मागवला.

कूलरचा निर्णय मात्र बाबांचा. त्या कॅबिनेटमध्ये १५५ मिलिमीटरपर्यंत उंच कूलर बसतो आणि मला तसाच हवा होता. बाबांनी तो हातात घेऊन तोलला आणि परत ठेवला. त्यांनी ७० मिलिमीटरचा बुटका घेतला. कारण विचारायची गरज नव्हती. जोधपूरची ट्रक आम्हा दोघांच्याही डोळ्यांसमोर होती.

घरी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून दोन संध्याकाळी आम्ही काम केले. लहान पेटीत क्रमाला महत्त्व असते. आधी कूलर आणि रॅम मदरबोर्डवर, मग बोर्ड आत, मग एसएमपीएस, मग केबली, शेवटी कार्ड. एकदा क्रम चुकला आणि प्रोसेसरची वीजकेबल लावायला बोट आत जाईना, तेव्हा अर्धे उलगडावे लागले. सगळे जोडल्यावर बाबांनी आईकडून एक उदबत्ती मागितली. पंखे तेवढे चालू केले आणि उदबत्ती खालच्या जाळीजवळ धरली. धूर आत जायला हवा होता, तो बाहेर फेकला गेला. मी खालचे दोन्ही पंखे उलटे लावले होते. आई म्हणाली, "देवाची उदबत्ती कामाला आली." पंखे फिरवून लावले. मग धूर खालून आत गेला आणि वरून निघाला. दिवाळीत पाहिला होता अगदी तसाच.

मग बटण दाबले. पंखे फिरले, दिवा लागला, पण पडदा काळाच. एक मिनिट. दोन मिनिटे. ताई दाराशी उभी होती. बाबांचा हात टेबलाच्या कडेवर होता आणि बोटे पांढरी पडली होती. ते ताईकडे बघत नव्हते. मला जोधपूरहून आलेला तो रविवारचा फोन आठवला. मी बटण बंद करायला हात पुढे केला तशी ताई म्हणाली, "थांब. तूच मला पत्रात लिहिलं होतंस ना, नवीन रॅम पहिल्या वेळी स्वतःला तपासून घेते, वेळ लागतो म्हणून?" मी खरेच लिहिले होते. या पिढीच्या मदरबोर्डवर पहिल्यांदा सुरू करताना असे होतेच, मीच विसरलो होतो. चौथ्या मिनिटाला पडदा उजळला.

बाबांनी ताईकडे पाहिले. ताई हसली. बस, एवढेच झाले. पण आईने त्या रात्री न सांगता शिरा केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, खोलीत छत्तीस अंश असताना, ताईने तासभर रेंडर चालवले. प्रोसेसर ८१ अंश, कार्ड ७२. रात्रभर लागणारे चित्र चहा होईपर्यंत तयार झाले. मी एक गेमही खेळलो, तेही सांगून टाकतो. माझा चुकीचा एसएमपीएस ताईच्या एका मैत्रिणीने कमी किमतीत घेतला. जे नुकसान झाले ते मी वहीत लिहून ठेवले आहे, पहिल्या पगारात फेडायचे म्हणून.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मी एक कागद लिहिला आणि ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवला. 'एक : वीज बंद, केबल काढा. दोन : ग्राफिक्स कार्डाचे दोन स्क्रू काढून कार्ड वेगळे करा, त्याच्याच खोक्यात ठेवा. तीन : कूलरचे स्क्रू तपासा. चार : कॅबिनेट आडवे, जाळी वर. पाच : स्क्रीन उभा, फोमच्या पलीकडे. सहा : ताईच्या कामाची प्रत वेगळ्या डिस्कवर, ती डिस्क ट्रंकेत नाही, हँडबॅगेत.' शेवटच्या ओळीला दोनदा अधोरेखा. हा हुकूम अपुरा राहू नये म्हणून मी तो तीन वेळा वाचला.

बाबांच्या बदलीचा आदेश ऑगस्टमध्ये आला. आईबाबा आसामात तेजपूरला जाणार, ताईचे शिक्षण राहिले आहे म्हणून ती तिरुचिरापल्लीला होस्टेलवर. म्हणजे आता आम्ही चौघे तीन ठिकाणी. पुढच्या सुट्टीत मी ज्या घरी जाईन ते मी पाहिलेलेही नाही. ट्रंक मात्र बाबांनी नेली नाही, ती ताईला दिली. झाकणावरच्या त्यांच्या नावावर काळा रंग मारून त्यांनी पांढऱ्याने ताईचे नाव लिहिले. सर्व्हिस नंबरच्या जागी ताईने स्वतःचा रोल नंबर घातला.

मागच्या रविवारी ताईचा फोन आला. बाबा म्हणाले होते, "मी बांधून देतो." ताई म्हणाली, "तुम्ही वाचा, मी बांधते." मग बाबांनी झाकणावरचा कागद एकेक करून वाचला आणि ताईने एकेक भाग ठेवला. सहावी ओळ त्यांनी दोनदा वाचली.

"होस्टेलवर सुरू झाला?" मी विचारले.

"पहिल्याच बटणाला," ती म्हणाली. "आणि ऐक, टेबलावर तो ठेवून थाळीएवढी जागा उरते."

मागून रांगेतल्या मुलाने माझ्या पाठीवर टकटक केली. मिनिटे संपली होती. या वेळी मी सांगायचे ते सगळे सांगून झाले आहे ना, हे एकदा आठवून पाहिले आणि मगच फोन ठेवला.